ग्रीक थडग्यांत मृताजवळ सोन्याचे कोरीव पत्रे का ठेवत?

थोडक्यात, पाताळात वाट चुकू नये म्हणून. हे पत्रे गूढ धर्मपंथाची दीक्षा घेतलेल्यांचे. सरसकट सगळ्यांचे नव्हेत.

दक्षिण इटलीतल्या हिप्पोनियन या ग्रीक वसाहतीत एका स्त्रीच्या सांगाड्याच्या छातीवर सापडलेला पत्रा (इ.स.पू. सुमारे ४००) बघा. जेमतेम काही सेंटिमीटरचा, पण त्यावर १६ ओळी. सूचना अशी: उजवीकडे झरा आणि पांढरा सायप्रस वृक्ष दिसेल, त्याच्या जवळही जाऊ नकोस. मृतांचे आत्मे तिथेच गारवा घेतात. (झऱ्याचं नाव दिलेलं नाही, अभ्यासक तो विस्मरणाचा मानतात.) पुढे स्मृतीच्या, म्हणजे म्नेमोसिनीच्या, तळ्याचं थंड पाणी आहे. तिथले राखणदार विचारतील, हेडिसच्या, म्हणजे पाताळाच्या, अंधारात काय शोधतेस? उत्तर ठरलेलं: ‘मी पृथ्वीचं आणि तारांकित आकाशाचं लेकरू. तहानेनं जीव चाललाय, पाणी द्या.’

सगळीकडे मजकूर एकच, असं मात्र समजू नका. दक्षिण इटलीतल्याच पेतेलियाच्या पत्र्यात तोच झरा डावीकडे आहे! ग्रीसमधल्या थेस्सली प्रांतातल्या पेलिन्नाचे पत्रे आयव्हीच्या पानाच्या आकाराचे, कारण आयव्ही ही वेल मद्यदेव डायोनिससची. त्यांत झरा नाहीच; पाताळाची राणी पर्सेफोनीला सांगायचं, ‘खुद्द बाख्खिओसने (म्हणजे डायोनिससने) मला मुक्त केलं.’