लिंगाणा झालाय, आता मॅटरहॉर्न जमेल का? कोणत्या वाटेने जावं?

जमेल, पण थेट लिंगाण्याच्या सुळक्यावरून नको. स्वित्झर्लंड-इटली सीमेवरचं आल्प्समधलं मॅटरहॉर्न ४,४७८ मीटर आहे, आपलं कळसूबाई १,६४६. मुंबईकराला तिथे आधी हवाच विरळ लागते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावाकडून हॉर्नली धारेनेच जावं. हॉर्नली हटपासून (३,२६० मीटर) शिखर सुमारे १,२०० मीटर उंच, आणि पहाटे अंधारातच निघायचं. एकेक टप्पा फार अवघड नाही. अवघड आहे ती लांबी, ठिसूळ दगड आणि वाट चुकणं. वरच्या भागात जाड दोर कायमचे बांधलेले आहेत, पण बर्फ असतोच, म्हणून क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे टोकदार लोखंडी काटे) घालून कातळावर चालायची सवय हवी. ती सह्याद्रीत होत नाही, हिमालयातल्या बेसिक कोर्सला होते.

इटलीकडची लायन धार थोडी जास्त कठीण. झ्मुट धार आणि उत्तर भिंत (१९३१ मध्ये प्रथम सर) सध्या मनातही आणू नका.

उतरण्यासाठी ताकद राखून ठेवा, हे मी कळकळीने सांगतोय. १४ जुलै १८६५ ला पहिल्यांदा शिखर गाठणाऱ्या सातांपैकी चौघे उतरतानाच गेले. तयारीसाठी पावसाळा सरला की कान्हेरीच्या कातळावर, पाठीवर वजन घेऊन, चढण्याइतकंच उतरण्याचाही सराव करा. आणि झरमॅटला गेल्यावर स्थानिक गाईड घ्याच.