आदर्श उलटतात, तरी ते हवेत कशाला?

प्रश्न : द्वंद्ववादानुसार प्रत्येक भूमिका शेवटी स्वतःच्या विरुद्ध टोकाला पोचते. स्वातंत्र्याचा आदर्शही दहशतीला जन्म देत असेल, तर आदर्शांमुळे अनुभवाला अर्थ येतो असे कशाच्या आधारे म्हणावे? — एक वाचक

उत्तर : नशीब पालटणे वेगळे आणि एखादी भूमिका तिच्याच तर्काने उलटणे वेगळे; द्वंद्ववादाला दुसरा प्रकार अभिप्रेत आहे. (सिद्धांत, प्रतिसिद्धांत आणि समन्वय हे त्रिकूट सर्रास द्वंद्ववाद मांडणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या नावावर खपवले जाते, स्वतःच्या पद्धतीचे वर्णन त्याने तसे केलेले नाही.) १८०७ साली त्याने केलेले स्वामी आणि दास यांचे विवेचन पाहा. जिवावर उदार होऊन लढणारा स्वामी ठरतो आणि मरणाच्या भयाने शरण जाणारा दास. पण स्वामीला हवी असते मान्यता, आणि ती देणाऱ्याला तर तो स्वतःच्या बरोबरीचा माणूस मानत नाही. त्यामुळे मिळालेली मान्यता कवडीमोल ठरते. दास मात्र वस्तूशी झटत राहतो. उदाहरण माझे आहे : शीर उलटी लागली की रंध्याखाली लाकूड उचकटते, मग फळी फिरवून घ्यावी लागते, असे करता करता तयार झालेल्या वस्तूत त्याला स्वतःचेच कर्तृत्व दिसू लागते. बाहेरून कोणीही काही बदललेले नसताना स्वामी परावलंबी झालेला असतो.

आता दहशतीविषयी, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतील शिरच्छेदांच्या पर्वाविषयी. कोणतीही संस्था, कोणतेही वेगळेपण न मानणाऱ्या निरपेक्ष स्वातंत्र्याला नकार देण्यापलीकडे काही करता येत नाही, असे हेगेलचे निदान आहे. अशा काळातील मरणाला कोबीचा गड्डा कापण्याइतकाच अर्थ उरतो, असे तो म्हणतो. हे निदान मला पटते, परंतु त्यावरून आदर्शच फोल ठरतो असे मला वाटत नाही.

याच क्रांतीतील १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचे सांगितले, पण नागरिक म्हणून गृहीत धरले ते पुरुषांनाच. फ्रेंच लेखिका ऑलिंप द गूज हिने १७९१ मध्ये त्याच जाहीरनाम्याचा साचा घेऊन स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रियांना राजकारणातून वगळणे ही तोवर बहुतेकांच्या लेखी केवळ रीत होती. समतेचा शब्द एकदा उच्चारला गेल्यावर तीच रीत अन्याय म्हणून दिसू लागली, आणि जे निमूटपणे सोसले जात होते त्याला नाव मिळाले. आदर्श अनुभवाला अर्थ देतो तो मला या रीतीने दिसतो : तो अजून साध्य झालेला नसतो, किंबहुना त्याच्या पुरस्कर्त्यांनीच तो मोडलेला असतो, आणि तरीही त्यांना जाब विचारायला शब्द त्याचेच लागतात.

ऑलिंपच्या जाहीरनाम्याच्या दहाव्या कलमात म्हटले होते की, स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे. नोव्हेंबर १७९३ मध्ये यांपैकी पहिला हक्क तिला बजावून देण्यात आला. फ्रान्समधील स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९४४ साली.