इंटरनेट चालतं, प्रिंटर मात्र सापडत नाही

प्रश्न : ऑफिसात नवा राउटर बसवला. पत्ता १९२.१६८.१.१, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.१२८. सगळ्या संगणकांवर इंटरनेट चालतं, पण १९२.१६८.१.१५० या पत्त्यावरचा प्रिंटर सापडत नाही. केबल बदलून पाहिली.

उत्तर : केबलचा दोष नाही, मास्कचा आहे. कुठले पत्ते आपल्याच नेटवर्कमधले आणि कुठले बाहेरचे, हे मास्क ठरवतो. शेवटी १२८ असलं की २५६ पत्त्यांचे दोन भाग पडतात : ० ते १२७ आणि १२८ ते २५५. राउटर पहिल्या भागात आहे, प्रिंटर दुसऱ्यात. त्यामुळे प्रिंटरसाठीचा डेटा ‘बाहेरचा’ समजून राउटर तो इंटरनेटच्या दिशेने पाठवतो आणि तो तिथेच हरवतो.

राउटरच्या लॅन (म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये मास्क २५५.२५५.२५५.० करून सेव्ह करा. संगणकांना जुनाच मास्क मिळालेला असतो, म्हणून ते रीस्टार्ट करा किंवा कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’च्या रिलीज आणि रिन्यू या दोन्ही कमांड द्या. ही पायरी बहुतेकजण विसरतात आणि उगाच राउटरला दोष देतात. प्रिंटरवरही हाच मास्क आहे ना, बघून घ्या.

डीएचसीपीची (म्हणजे राउटर आपोआप जे पत्ते वाटतो त्यांची) मर्यादा २० ते १०० ठेवा. त्यात १५० आला, तर कधीतरी तोच पत्ता एखाद्या मोबाइललाही मिळेल आणि छपाई मध्येच बंद पडेल.