बापाचे 620, लेकाचे 1,900

चवथ आठ दिवसांवर आली होती. डिचोलीकडचे एक गृहस्थ (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत) प्लास्टिकच्या पिशवीत दोन रिपोर्ट घेऊन आले. बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, पोराच्या सीडी-फोर पेशी 1,900 आणि माझ्या नुसत्या 620. मला एचआयव्ही झालाय ना?"

दोन वर्षांच्या मुलाला दोनदा न्यूमोनिया झाला, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी ही तपासणी सांगितली होती. बापाने घरी न सांगता एका खाजगी लॅबमध्ये स्वतःचीही करून घेतली. तेव्हापासून डोळ्याला डोळा नव्हता.

सीडी-फोर म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतला एक प्रकार; एचआयव्ही याच पेशींवर घाला घालतो. निरोगी मोठ्या माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण 500 ते 1,500 असतात. तान्ह्या बाळात त्या 3,000 च्या आसपासही सापडतात, आणि पाच-सहा वर्षांपर्यंत उतरत उतरत मोठ्यांच्या आकड्याजवळ येतात. लॅबने मात्र मुलाच्या रिपोर्टवरही मोठ्यांचीच मर्यादा छापून 1,900 पुढे 'जास्त'ची खूण केली होती. याचा मला फार राग येतो. वय न पाहता छापलेली एक खूण आईबापांची झोप उडवते.

मी कोरा कागद घेतला. "तुमच्या पांढऱ्या पेशी 6,200. त्यातल्या 25 टक्के लिम्फोसाइट, म्हणजे 1,550. त्यातल्या 40 टक्के सीडी-फोर. किती झाल्या?"

"620."

"आता मुलाच्या. 10,000. निम्म्या लिम्फोसाइट, 5,000. त्यातल्या 38 टक्के, 1,900."

40 आणि 38 भोवती मी गोल काढले. बराच वेळ ते त्या गोलांकडेच बघत होते. "म्हणजे वाटा सारखाच?"

सारखाच. लहानपणी लिम्फोसाइटची रासच मोठी असते. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांत डॉक्टर आकड्यापेक्षा टक्का धरतात. मोठ्यांचा आकडाही सकाळ-संध्याकाळ हलतो, साध्या व्हायरल तापातही उतरतो.

पण भीतीचं मूळ वेगळं होतं. सीडी-फोरवरून एचआयव्ही आहे की नाही हे ठरतच नाही. लागण झालेल्याच्या पेशी 800 असू शकतात आणि तापातून उठलेल्या निरोगी माणसाच्या 450. मी विचारलं, "हा संशय मनात आला कुठून?" ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, लग्नाआधी बोटीवर होतो, तेव्हा एकदा चूक झाली. त्याला पाच वर्षं झाली होती, म्हणजे विंडो पिरियड (लागण होऊनही तपासणीत न दिसण्याचा सुरुवातीचा काळ) कधीच उलटलेला. त्यांच्या संमतीने एचआयव्हीची तपासणी केली. निगेटिव्ह आली. रिपोर्ट हातात घेऊन ते तिथेच रडले. मी थांबले.

"सीडी-फोर परत करू?"

"तुमची नको. पण मुलाला दोनदा न्यूमोनिया का झाला, ते डॉक्टरांना नीट विचारा. हा रिपोर्ट चांगला आला म्हणून ते सोडू नका."

फाइल काखेत मारून ते उठले. बाळाला दुपारी चारला दाखवायचं होतं.