गाडीवर खाल्लं की आळ पण गाडीवरच!

प्रश्न : डॉक्टर, परवा संध्याकाळी सातला मी आणि मित्राने गाडीवर सेम प्लेट खाल्ली. अकराला मला उलट्या, मग रात्रभर जुलाब. घरचे सगळे त्या गाडीवाल्याच्या नावाने बोटं मोडतायत पण मित्र एकदम ठणठणीत आहे! मग नक्की कशाने झालं? आणि आता बाहेरचं खाणं बंदच करू का? – एक खवय्या

उत्तर : अहो खवय्ये, वेळ लिहिलीत ते बरं केलंत, कारण जे शेवटी खाल्लं त्याच्यावर आळ घ्यायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते आणि प्रत्येक जंतूचं टाइमटेबल मात्र वेगळं असतं. चार तासांत उलट्या म्हणजे स्टॅफिलोकोकससारख्या जंतूने अन्नात आधीच विष तयार करून ठेवलेलं असू शकतं, पण तसं असतं तर मित्रही बहुधा आडवा झाला असता ना. नोरोव्हायरसला 12 ते 48 तास लागतात, म्हणजे मग त्याआधीच्या दिवसाचं जेवण आठवा, किंवा घरात आधी कोणाचं पोट बिघडलं होतं का ते. साल्मोनेला तर 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत कधीही. माझ्या मते तुमचा गाडीवाला निर्दोष असायची शक्यता बरीच आहे, पण खात्री टेस्टशिवाय नाही. आणि हो, रोज ॲसिडिटीची गोळी घेता का? पोटातलं आम्ल कमी झालं की जंतूंना वाट मोकळी, एकाच प्लेटमधून एकजण आजारी आणि दुसरा ठीक हे असंही होतं.

बंद कशाला करताय, फक्त बघून खा. गाडी चकाचक आहे का यापेक्षा अन्न किती वेळ कोमट पडलंय ते बघा, कारण 5 ते 60 अंश सेल्सियसमध्ये जंतू भराभर वाढतात. समोर कढईतून काढलेलं, वाफा येणारं असेल तर खुशाल खा. सकाळी शिजवून तसाच ठेवलेला भात मात्र नको, त्यातल्या बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू (म्हणजे त्याचं टणक, झोपलेलं रूप) शिजवूनही मरत नाहीत आणि त्याचं उलटी आणणारं विष पुन्हा गरम केलं तरी जात नाही, त्यामुळे 'परत उकळवलं की झालं' हे खरं नाही. बर्फाचंही तेच, गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, पाणी खराब तर बर्फ खराब. गर्दी असेल तर माल पडून राहत नाही एवढं नक्की, पण पाण्याची खात्री गर्दी देत नाही. पाच मिनिटं नुसते त्याचे हात बघा. ग्लोव्हज घातलेत, त्याच ग्लोव्हजने नोट घेतली, सुटे दिले, फडक्याला पुसले आणि त्याच बोटांनी वरून कोथिंबीर भुरभुरली, मग त्या ग्लोव्हजचा उपयोग काय? प्लेटा एकाच गढूळ बादलीत बुचकळतायत असं दिसलं तर मी तरी तिथून निघते.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीला जुलाब आहेत, पाणी दिलं की उलटी. जुलाब थांबवायची गोळी देऊ का? – एक आई

उत्तर : नको, लहान मुलांना ती गोळी अजिबात नको. ओआरएस द्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ, मीठ जास्त पडू देऊ नका. ग्लासभर एकदम पाजलं की उलटी होणारच, उलटी झाली की दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने द्या. जेवण तोडू नका. झिंकचं डॉक्टरांना विचारा, मुलांना जुलाबात ते 10 ते 14 दिवस देतात. शौचात रक्त, खूप ताप, सहा तासांत लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही किंवा पोर मलूल पडलंय, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा, माझ्या उत्तराची वाट बघत बसू नका.