गांजा बंद केल्यापासून भाऊ अंगावर धावून येतोय. हे नाटक आहे का?

तुमचा 19 वर्षांचा भाऊ निपाणीत असतो. गांजा सोडून तिसरा दिवस, ताटावरून उठतो, रात्रभर जागा असतो, आणि त्याचे मित्र म्हणतात गांजाची सवय लागतच नाही. मित्रांचं सोडा. हे नाटक नाही.

रोज ओढणाऱ्याचा गांजा सुटला की पहिला आठवडा सगळ्यात वाईट. चिडचिड, भूक मरणं, घाम, भलतीसलती स्वप्नं. दोनेक आठवड्यांत उतार पडतो, झोप मात्र आणखी काही दिवस छळते. त्यात आपल्याकडे गांजा तंबाखूत मळून ओढतात, म्हणजे दोन तलफा एकदम उठतात. तंबाखूच्या गावात ही दुसरी कुणी मोजतच नाही! एवढे दिवस त्याला करिअरवर व्याख्यान देऊ नका. थोडं थोडं खायला द्या, संध्याकाळनंतर चहा नको, आणि मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या तर मुळीच आणू नका.

त्याला वरचेवर उलट्या होतात का, तेही बघा. माझ्या मावसभावाला व्हायच्या. घरचे पित्त समजून कोकम सरबत पाजत राहिले. हा मात्र वेळी-अवेळी बंब पेटवून कढत पाण्यानं अंघोळ करायचा, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. शेवटी धारवाडच्या डॉक्टरीणबाईंनी नेमकं त्या अंघोळीबद्दल विचारलं आणि गांजाचं बिंग फुटलं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्या काहींना हा त्रास होतो, आणि गांजा पूर्ण सुटल्याशिवाय तो जात नाही.

'माझ्यावर पाळत आहे' म्हणू लागला, कानात आवाज आले किंवा मरणाची भाषा केली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात आधी कुणाला मानसिक आजार असेल तर जास्तच जपा.

बेळगावच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था. निपाणीहून कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडेल. फॉर्म कन्नडमध्ये असेल म्हणून धारवाड टाळू नका, आमच्याशी तिथे मराठीत बोलले. गांजा सोडवणारी खास गोळी नाही, भर समुपदेशनावरच असतो. घरातून उचलून नेऊन कोंडणाऱ्या 'केंद्रां'च्या नादी लागू नका.

पोलिसांची धास्ती असेल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 64अ वाचा. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर सेवनाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार मात्र पुरे करावे लागतात.

आज रात्रीच 14416 ला फोन लावा. टेलिमानस, मानसिक त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. व्यसनमुक्तीसाठी 14446 वेगळा आहे. फोन त्याच्यासमोर करा, चोरून नको.