प्लास्टिक मॉडेलचे सांधे भरण्यासाठी कोणती पुट्टी घ्यावी, आणि रंग दिल्यावर सांध्याची रेघ पुन्हा वर का येते?

आपण गोव्यातील फोंड्याहून विचारले आहे की १/७२ मापाच्या सी हॅरियर या लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या पाठीवरचा सांधा भिंतीच्या पुट्टीने भरला, घासून सपाटही केला, तरी रंग देताच रेघ पुन्हा दिसू लागली, आणि पंखाच्या मुळाशी भरलेली पुट्टी तर तुकड्यातुकड्यांनी सुटली. कोणती पुट्टी घ्यावी, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती नीट वाळते का आणि आधीच भरलेल्या पुट्टीचे काय करावे, असे आपले प्रश्न आहेत. मी वास्कोत राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून विमानांची मॉडेल बनवतो, त्यामुळे येथील हवेत आणि येथे मिळणाऱ्या सामानात जे उपयोगी पडते तेवढेच सांगतो.

भिंतीची पुट्टी प्रथम बाजूला ठेवावी. तिच्यात पांढरे सिमेंट किंवा तत्सम पूड असते आणि सच्छिद्र पृष्ठभागात थोडे मुरूनच ती पकड घेते. किटचे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. ते गुळगुळीत असते आणि काहीच शोषून घेत नाही. त्यामुळे ही पुट्टी त्याच्यावर केवळ बसून राहते, धरून राहत नाही, आणि भाग किंचित वाकला की सुटते.

एकच पुट्टी सगळीकडे चालावी ही अपेक्षाही सोडावी लागते. फट किती रुंद आहे, तिच्या शेजारी जपायचे बारकावे आहेत का, आणि भरल्यानंतर त्या जागी घासायचे आहे की पुन्हा रेघ कोरायची आहे, हे तीन मुद्दे पाहिले की पुट्टीची निवड जवळजवळ आपोआप होते. त्याआधी मात्र फट कमी करण्याचा प्रयत्न व्हायला हवा. गोंद न लावता भाग जुळवून पाहावेत, आत कुठे खुंटी किंवा साच्याची कड अडत असेल तर ती कापावी. पंखाच्या मुळाशी फट राहत असेल तर धडाच्या आत स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या सांगाड्याला जोडलेले येतात त्याचा, तुकडा आडवा बसवून धड केसभर रुंद करता येते. अशी बुजलेली फट कोणत्याही पुट्टीपेक्षा चांगली दिसते. धडाचे दोन भाग जोडताना पातळ लिक्विड सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा द्रव गोंद, सांध्यात सोडावे, कडा मऊ झाल्या की दोन्ही भाग हळूच दाबावेत, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वरवंडी सांध्याभर बाहेर येते. ती तशीच राहू द्यावी, पूर्ण कडक झाल्यावर धारदार ब्लेडने खरवडावी आणि घासावी. येथे सांधा किटच्याच प्लास्टिकने भरला गेलेला असतो, आणि पाठीवरच्या बहुतेक सांध्यांना याहून अधिक काही लागत नाही.

कोणता सांधा बुजवायचा आणि कोणता राखायचा, हे आपल्या सी हॅरियरच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे. या विमानाचा पंख एकसंध असतो आणि त्याचे पेगासस इंजिन बाहेर काढायचे झाले की अख्खा पंखच वर उचलून वेगळा करावा लागतो. म्हणजे पंख आणि धड जेथे मिळतात तेथील रेघ ही किट बनवणाऱ्याची सोय नसून खऱ्या विमानावर असलेली रेघ आहे. ती सपाट पुसून टाकू नये. तेथील फट भरून रेघ मात्र बारीक आणि सारख्या रुंदीची राहील असे पाहावे. याउलट धडाच्या दोन भागांतला पाठीवरचा आणि पोटावरचा सांधा साच्यामुळे आलेला असतो, त्याचा मागमूस राहता कामा नये. आपण फोंड्याला आहात, तेव्हा बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालय काही दूर नाही. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सी हॅरियर, सी हॉक आणि अलीझे ही विमाने जवळून पाहता येतात. १९८३ पासून २०१६ पर्यंत दाबोळीच्या तळावरून उडालेल्या सी हॅरियरची पाठ समोर उभे राहून एकदा नीट पाहिली, तर मॉडेलवर काय भरायचे याविषयी शंका उरत नाही.

आता पुट्ट्यांकडे वळतो. ट्यूबमध्ये मिळणारी तामियाची करड्या रंगाची पुट्टी किंवा मिस्टर हॉबीची पांढरी पुट्टी ही द्रावकावर आधारलेली असते. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात डब्यात मिळणारी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी याच जातीची. पोत थोडा जाडसर, पण किमतीने पुष्कळ स्वस्त. या पुट्टीतला द्रावक प्लास्टिकचा वरचा थर किंचित विरघळवतो, म्हणून ती घट्ट धरते. तिचा दोषही त्याच द्रावकातून येतो. तो उडून गेला की पुट्टीचे आकारमान कमी होते. चतुर्थीच्या आधी गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या चित्रशाळेत ओली माती सुकताना आक्रसते आणि तिला भेगा पडतात, तसेच येथे घडते. वरचा पापुद्रा लवकर वाळतो, बोटाला कोरडा लागतो, आणि आत मात्र द्रावक अडकलेला असतो. आपण त्याच संध्याकाळी घासून सपाट केले, रंग दिला, आणि पुढच्या काही दिवसांत आतला द्रावक निघून गेला की सांध्यावर खोलगट पट्टी उमटते. थर जाड असेल तर खालचे प्लास्टिकही मऊ पडून आत बसते. लिक्विड सिमेंटचेही असेच आहे: सांधा पुरता कडक होण्याआधी घासला तर नंतर तो आक्रसतो आणि पुट्टी निर्दोष असूनही रेघ उमटते. रंगाखालून वर येणाऱ्या रेघेमागे फार वेळा ही घाईच असते. म्हणून ही पुट्टी केवळ उथळ ओरखडे आणि बारीक फटी यांसाठी वापरावी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून पातळ थर द्यावा, टेप लगेच काढावी, आणि पहिला थर किमान रात्रभर वाळल्यावरच दुसरा द्यावा. एनसी पुट्टी असेल तर ती आधी स्प्रूच्या तुकड्यावर लावून प्लास्टिकला काय होते ते पाहावे. केसाएवढ्या रेघेसाठी मिस्टर सर्फेसर ५०० हे दाट द्रव प्राइमर ब्रशने ओढले तरी पुरते.

पाठीच्या सांध्यासाठी माझी स्वतःची पसंती मात्र सुपरग्लूला आहे, मग ते हॉबीच्या दुकानातले असो की कोपऱ्यावरचे फेव्हिक्विक. ते द्रावक उडून वाळत नाही. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, त्यामुळे ते जवळजवळ आक्रसत नाही. पावसाळ्यात इतर सगळे रेंगाळत असताना हे अधिक वेगाने पकडते, म्हणून आपल्या हवेत याचा फायदाच होतो. त्यात साधी टाल्कम पावडर कालवून दाट लेप करावा. पावडरीमुळे लेप खाली ओघळत नाही आणि घासायला बराच मऊ राहतो. एका सांध्यापुरताच लेप कालवावा, दात कोरण्याच्या काडीने फटीत दाबून बसवावा आणि कडक झाल्यावर तासाभराच्या आत घासायला घ्यावे. उशीर झाला तर सुपरग्लू पॉलिस्टायरीनपेक्षा कठीण होते. मग घासताना आजूबाजूचे प्लास्टिक झिजते आणि सांधा उंचवटा होऊन राहतो. टाल्कमऐवजी खाण्याचा सोडा टाकला तर ते क्षणात घट्ट होते, पण दाणेदार आणि फार कठीण बनते, म्हणून सोड्याचा उपयोग दिसणाऱ्या सांध्यावर करू नये. काचेच्या, म्हणजे पारदर्शक छताच्या आसपासही सुपरग्लू वापरू नये. त्याच्या वाफेने काचेवर पांढुरके धुके बसते, आणि दमट हवेत ते अधिकच बसते. उघडलेली बाटली ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवली तर टिकते. वापरण्यापूर्वी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर झाकण उघडताच आत दव धरते.

जेथे भरून झाल्यावर पॅनेलची, म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या जोडाची, रेघ पुन्हा कोरायची आहे तेथे किटच्याच स्प्रूची पुट्टी घरी करावी. स्प्रूचे बारीक तुकडे लिक्विड सिमेंटमध्ये टाकून एखादा दिवस मुरू दिले की दाट लगदा होतो. वाळल्यावर ते पुन्हा किटचे प्लास्टिकच असते, म्हणून कोरणी दोन्हीकडे सारखी चालते; पुट्टीवर कोरताना कड जशी तुटते तशी येथे तुटत नाही. वाळायला मात्र कित्येक दिवस द्यावे लागतात, कारण यातही द्रावक आहेच.

पंखाच्या मुळाशी, जेथे आपली पुट्टी सुटली, तेथे पाण्याने पुसता येणारी ॲक्रिलिक पुट्टी सगळ्यांत सोयीची आहे. व्हायेहोची प्लास्टिक पुट्टी या प्रकारची आहे. टोकदार नळीने फटीत बारीक धार सोडावी, ओल्या कापसाच्या काडीने वरचे सगळे पुसून घ्यावे, आणि फटीत जेवढे राहिले तेवढेच राहू द्यावे. घासण्याची गरज पडत नाही, म्हणून शेजारच्या रेघा आणि रिव्हेट शाबूत राहतात, आणि वर सांगितलेली पंखाची खरी रेघही काडीच्या कडेने हलकेच मोकळी करता येते. ही पुट्टी मात्र घासून पीसासारखी पातळ कड देत नाही आणि पाण्याने घासली तर निघून येते. पाठीच्या उघड्या सांध्यासाठी म्हणून ती घेऊ नये. जुलैच्या दमट दिवसांत ती पाण्यावरची असल्यामुळे फार हळू वाळते. पंख्याखाली किंवा दिव्याच्या उबेजवळ ठेवून पुरेसा वेळ द्यावा.

एक-दीड मिलिमीटरपेक्षा मोठी फट पुट्टीने भरूच नये, तेथे पातळ प्लास्टिकची पट्टी चिकटवून ती तासावी. फट वेडीवाकडी असेल किंवा आकारच घडवायचा असेल तर मिलिपुटसारखी दोन भाग मळून वापरायची इपॉक्सी पुट्टी घ्यावी. ती रासायनिक क्रियेने घट्ट होते, आक्रसत नाही, आणि ओल्या बोटाने गुळगुळीत करता येते. एम-सीलही इपॉक्सीच आहे, पण त्याचा पोत मला जाडसर वाटतो आणि त्याची कड पातळ होत नाही, म्हणून ते आतल्या, न दिसणाऱ्या जागी ठेवावे. गाड्यांच्या डेंटिंगची हार्डनर घालून वापरायची पॉलिस्टर पुट्टी मोठ्या मॉडेलवर चांगली चालते. १/७२ मापाला ती लागत नाही.

घासण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातला काळा वॉटर पेपर पुरेसा आहे. ४०० नंबरने सुरुवात करावी, मग ६००, ८०० आणि शेवटी १००० किंवा १२००. पेपर बोटाने धरला की मऊ पुट्टी आधी झिजते आणि सांध्यावर घळ पडते, म्हणून सपाट जागी तो लाकडाच्या छोट्या पट्टीवर चिकटवावा. गोल पाठीवर मात्र लवचीक पट्टी घेऊन आडव्या हाताने, धडाच्या गोलाईबरोबर फिरवावा. ॲक्रिलिक सोडून बाकी सर्वत्र पाणी लावून घासले तर भुकटी हवेत उडत नाही. सुपरग्लू आणि इपॉक्सीची कोरडी भुकटी श्वासाबरोबर आत जाऊ नये, म्हणून मास्क लावावा, आणि द्रावकाच्या पुट्ट्या पाऊस असला तरी खिडकी उघडी ठेवूनच वापराव्यात.

घासून झाले की सांध्यावर मऊ पेन्सिल आडवी धरून काळे करावे आणि सर्वांत बारीक पेपर दोनदाच फिरवावा. उंच जागेवरचे काळे निघते, खोलगट जागेतले राहते, आणि नेमके कुठे पुन्हा भरायचे ते दिसते. ते काळे धुऊन काढल्यावर करडे प्राइमर द्यावे आणि मॉडेल दिव्याखाली तिरपे धरून पाठीवरून नजर फिरवावी. पावसाळ्यात स्प्रेच्या डब्यातले प्राइमर मुसळधार पडत असताना मारू नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतला ओलावा धरतो आणि पांढरट डाग येतात. उघाड पडलेली दुपार त्यासाठी राखून ठेवावी. प्राइमरनंतर रेघ दिसली तर त्यात नवल नाही. पुन्हा पातळ थर आणि पुन्हा घासणे हाच क्रम आहे, आणि अंतिम रंग तोवर थांबवावा.

आपल्या सध्याच्या मॉडेलचे काहीही बिघडलेले नाही. पाठीवरचा रंग ४०० नंबरने सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीत उतरवावा, भिंतीची पुट्टी लाकडी काडीने आणि जुन्या टूथब्रशने फटीतून पूर्ण खरवडून काढावी, आणि मॉडेल साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन दोन दिवस वाळू द्यावे. फटीत पांढरी पूड राहिली तर नवे सुपरग्लू प्लास्टिकला न धरता त्या पुडीलाच धरेल, म्हणून धुतल्यावर भिंग घेऊन एकदा फट तपासावी. त्यानंतर पाठीला सुपरग्लू आणि टाल्कम, पंखाच्या मुळाला ॲक्रिलिक पुट्टी, एवढेच सामान आपल्या विमानाला लागेल.